तावेर्नमधल्या संध्याकाळी: आधी खोली ऐका, मग बँड ठरवा

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका गावात त्यांच्या सासऱ्यांची जुनी तावेर्न, म्हणजे गावातलं छोटं मद्यालय, आहे. चाळीसेक खुर्च्या, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, बाहेर बलकांव, म्हणजे बसायचा ओटा. ऑक्टोबर ते डिसेंबर दर शुक्रवारी तिथे रूट्स (मातीतलं लोकसंगीत), ब्लूज आणि जॅझचे लाइव्ह कार्यक्रम ठेवायचे आहेत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: कुठले बँड बोलवू, पैसे किती द्यायचे, आणि स्पीकर किती वॅटचे घेऊ.

मी मूळची सावंतवाडीची. गोव्यात अठरा वर्षं बास वाजवते आहे. त्यातली अलीकडची नऊ वर्षं छोट्या जागांचा साउंडही बघते आणि एका तावेर्नच्या गुरुवारचं वेळापत्रक लावते. जे सांगते आहे ते त्या कामातून आलेलं आहे.

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी एक प्रश्न आहे तो तुम्ही विचारलेला नाही. एक संध्याकाळ कुणालाही रंगवता येते. बारा आठवडे, त्याच खोलीत, शेजाऱ्यांशी वैर न घेता आणि खिशाला खार न लागता संगीत कसं चालू ठेवायचं, ही खरी अडचण आहे. त्याचं उत्तर माझ्या मते खोलीपासून सुरू होतं. खोलीला किती आवाज पेलतो ते कळलं की किती वादक हे ठरतं, वादकांवरून पैसे ठरतात आणि वॅटचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

हे मी एका चुकीतून शिकले. पहिल्याच वर्षी मी छत्तीस खुर्च्यांच्या एका खोलीत पाच जणांचा बँड आणला. सॅक्सोफोन, ट्रंपेट, गिटार, मी बासवर आणि पूर्ण ड्रमसेट. वादक एकाहून एक सरस होते. दुसऱ्या गाण्याला रोजचे दोन म्हातारे गिऱ्हाईक आपापला फेणीचा ग्लास उचलून बाहेर सोप्यावर जाऊन बसले. तिसऱ्या गाण्याला एक कुटुंब उठलं. मध्यंतरात त्या दोघांपैकी एक जण माझ्याजवळ येऊन अगदी मायेने म्हणाले, "बाय, आवाज मातसो उणो कर गो," म्हणजे जरा कमी कर. मी मिक्सरकडे बघितलं. ड्रम आणि ट्रंपेटला माईकच लावलेला नव्हता. उणं करायला माझ्या हातात काही नव्हतंच. खोलीपेक्षा बँड मोठा होता.

म्हणून आधी हे करा. सकाळी तावेर्न रिकामी असताना खोलीच्या मध्यभागी उभ्या राहा आणि एक जोरदार टाळी वाजवा. टाळी तिथल्या तिथे विझली तर उत्तम. तिच्यामागे पत्र्यावर बारीक खडे घरंगळावेत तसा 'टर्रर्र' आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती आवाजाचा चेंडू एकमेकींकडे टोलवताहेत असं समजा. अशा खोलीत ड्रमची राईड झांज कानात टोचते आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत. उपाय महाग नाही. त्या दोनपैकी एका भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीपासून वर, जाड गोधड्या टांगा. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून टांगल्या तर आणखी बरं. आमच्याकडे तीन जुन्या गोधड्या आहेत, एका वादकाच्या आईने शिवलेल्या, आणि गिऱ्हाइकांना ती सजावटच वाटते. अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका. त्यांनी खालच्या सुरांना काहीच फरक पडत नाही, आणि ते पेटतात.

कौलांचं एक लक्षात ठेवा. खाली सिलिंग नसेल तर बराच आवाज फटींतून वर निघून जातो. आतल्या कानाला ते बरं असतं, कारण खोली घुमत नाही. पण तोच आवाज शेजारणीच्या खिडकीत जाऊन पडतो.

बँड कोपऱ्यात बसवू नका. जागा वाचते म्हणून सगळे तेच करतात. दोन भिंती आणि जमीन मिळून बासचे सूर फुगवतात, आणि मग मी कितीही हळू वाजवलं तरी पोटात गोळा आल्यासारखं वाटतं. शक्य असेल तर लांब भिंतीच्या मधोमध पाठ करून बसवा, म्हणजे कुणीच फार लांब राहत नाही. स्पीकर माईकच्या पुढे, स्टँडवर, तोंड माणसांकडे. उघड्या खिडकीकडे तर मुळीच नको.

आता वॅट. इथे थोडा हिशेब करावा लागेल. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. समजा वादकांपासून 1 मीटरवर 95 डेसिबल आहेत. 2 मीटरवर 89, 4 वर 83, 8 वर 77 आणि 16 मीटरवर 71. आता कायदा बघा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. सार्वजनिक जागेत लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यातला जो आकडा कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. निवासी भागात तो आकडा 65 होतो. तुमची हद्द 16 मीटरवर असेल आणि खिडक्या उघड्या असतील, तर 71 म्हणजे 6 डेसिबल जास्त. आणि 6 डेसिबल कमी करायचे म्हणजे अँप्लिफायरची ताकद चौथाईवर आणायची. शंभर वॅटचं काम पंचवीसवर.

भिंती, झाडं, बंद खिडक्या यांनी प्रत्यक्षात आकडे बदलतात, म्हणून हे अंदाजापुरतं घ्या. पण दिशा कळते. चाळीस खुर्च्यांना हजार वॅटचा सेट विकायला कुणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दहा इंची दोन पॉवर्ड स्पीकर, सहा चॅनेलचा साधा मिक्सर, गाण्यासाठी शूअर एसएम ५८ सारखे दोन माईक, एखाद्या वाद्यासाठी तिसरा, आणि एक डीआय बॉक्स, म्हणजे गिटारसारखं वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी. यात दोन ते चार जणांचा बँड व्यवस्थित होतो. ड्रमला माईक नाही. ड्रमर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश घेऊन हळू वाजवणार, आणि गाणाऱ्याचा आवाज त्याच्या जेमतेम वर येईल एवढाच माईक उघडायचा. आमच्या खोलीत पातळी ठरते ती ब्रशवरून, स्पीकरवरून नाही. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप काटेकोर नसतं, पण दर आठवड्याला त्याच फोनने त्याच जागेवर, म्हणजे तुमच्या फाटकाशी, मोजलंत तर वाढलंय की उतरलंय हे नक्की कळतं.

वॅटपेक्षा मला अर्थिंगची काळजी जास्त वाटते. जुन्या घरांत ते बहुधा धड नसतं. गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माईकला लागला की जो झटका बसतो तो गमतीचा नसतो. स्पीकर घ्यायच्या आधी वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि स्टेजच्या बोर्डला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, बसवून घ्या. स्टेजवरचं सगळं एकाच बोर्डवरून चालवा. त्यामुळे ती सतत येणारी 'हूं' सुद्धा पुष्कळदा जाते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडाटासह येतो आणि वीज जाते, म्हणून पहिल्या महिन्यात असेच वादक घ्या जे विजेशिवाय अर्धा तास काढू शकतील. आमची एक सुंदर संध्याकाळ दोन मेणबत्त्या, एक साधी गिटार आणि माउथऑर्गन यांच्यावर झाली. कौलांवर पाऊस इतका वाजत होता की लोकांनी खुर्च्या वादकांभोवती ओढून घेतल्या.

परवानग्यांबद्दल मी छातीठोकपणे एवढंच सांगू शकते की लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 नंतर उघड्यावर तो बंद. तुमची कौलारू, खिडक्या उघडी असलेली खोली 'बंद जागा' आहे असा वाद घालत बसू नका. इस्पितळ, शाळा किंवा न्यायालय 100 मीटरच्या आत असेल तर शांतता क्षेत्राचा प्रश्न येतो, आणि मग माईकचा विचारच सोडा. तुमच्या अबकारी परवान्यात आणि पंचायतीच्या कागदांत काय लिहिलंय ते तुम्हालाच बघावं लागेल. कागद घेऊन आधी पोलिस ठाण्यात जा. तक्रार आल्यावर ओळख होण्यापेक्षा ते बरं. आणि त्याही आधी शेजारच्या घरांत जा, हातात वेळापत्रक घेऊन. सुरू कधी होणार आणि संपणार कधी हे दोन्ही सांगा. आम्ही साडेसातला सुरू करतो आणि पावणेदहाला शेवटची टाळी. नऊ वर्षांत ती वेळ आम्ही मोडलेली नाही, आणि समोरच्या घरातल्या आजींना ती घड्याळापेक्षा पक्की माहीत आहे.

शुक्रवार मात्र बदला, ही माझी कळकळीची सूचना. शुक्रवार-शनिवार हॉटेलं आणि किनाऱ्यावरच्या जागा चांगल्या वादकांना जास्त नाईट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, देऊन धरून ठेवतात. तुम्हाला उरलेले मिळतील किंवा आयत्या वेळी सुपारी मोडेल. बुधवारी किंवा गुरुवारी तेच वादक घरी असतात, कमी पैशांत येतात आणि मनापासून वाजवतात, कारण त्या दिवशी त्यांना लग्नातली फर्माइशी गाणी वाजवायची नसतात. एकदा वार धरलात की सोडू नका. मधला एक गुरुवार चुकला की पुढचे दोन रिकामे जातात.

तीन महिन्यांचं कॅलेंडर मांडताना गावाकडे बघा. जुन्या गोव्याचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त 3 डिसेंबरला असतं आणि त्याची नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, 24 नोव्हेंबरपासून. त्या दिवसांत भाविक गावांत संध्याकाळी गिऱ्हाईक कमी असतं. तुमच्या गावच्या फेस्ताची आणि जत्रेची तारीख विचारून ते आठवडे हलके ठेवा. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत एकही वादक मोकळा नसतो आणि असला तर परवडत नाही. तेव्हा शेवटचा कार्यक्रम डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात धरा आणि तिथे थांबा.

आता कुठलं संगीत. तुम्ही रूट्स, ब्लूज, जॅझ असं एका दमात लिहिलंत, पण खोलीत ही तिन्ही वेगळी वागतात. मी महिन्याचा एक साचा ठरवला आहे आणि तो लोकांच्या तोंडी बसला आहे: पहिला गुरुवार ब्लूजचा, दुसरा जॅझचा, तिसरा इथल्या मातीतल्या गाण्यांचा, चौथा जॅमचा, म्हणजे येईल त्याने वाजवायचा. पाचवा आला तर सुटी.

सुरुवात ब्लूजने करण्याचं कारण त्याची रचना. ब्लूजचा नेहमीचा फेरा बारा बारांचा असतो. आपल्या एकतालाच्या बारा मात्रांशी त्याची गल्लत करू नका. इथे प्रत्येक बारात चार ठोके, म्हणजे एक फेरा अठ्ठेचाळीस ठोक्यांचा. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, मुळात तीनच. गाण्याची पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. हा आराखडा सगळ्यांच्या हाडात मुरलेला असल्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेले दोन वादक सूर आणि लय सांगून लगेच वाजवायला लागतात. एखादा आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा करता येतो. नव्या जागेला याचा मोठा आधार असतो. गिटार आणि गळा, सोबत माउथऑर्गन: दोन माणसांत खोली भरते.

जॅझला तालमीची आणि श्रोत्याची जास्त गरज. नेहमीच्या जुन्या चालींचा फेरा बत्तीस बारांचा. आधी मूळ चाल, मग त्याच कॉर्डवर प्रत्येकाची उपज, शेवटी पुन्हा चाल. संगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाला हे सांगायला फार वेळ लागत नाही. बंदिश, विस्तार आणि परत मुखडा हे त्याच्या कानाला सवयीचं असतं. फक्त कार्यक्रमाआधी कुणीतरी दोन वाक्यांत सांगायला हवं की एकेकाची उपज संपली की टाळी द्यायची असते. हे तुम्हीच सांगा, बँडच्या पुढाऱ्यावर सोडू नका. घरच्या माणसाने सांगितलं की लोक ऐकतात.

वेळेचा अंदाज यातूनच निघतो. संथ ब्लूज मिनिटाला 60 ठोक्यांचा धरला तर एका फेऱ्याला 48 सेकंद लागतात. तीन फेरे गाणं आणि चार जणांचे दोन-दोन फेरे सोलो म्हणजे अकरा फेरे, जवळजवळ नऊ मिनिटं. म्हणून 50 मिनिटांच्या सेटमध्ये पाच-सहा गाणीच होतात. आमच्याकडे 50 मिनिटांचे दोन सेट आणि मध्ये 25-30 मिनिटं. त्या मध्यंतरात निम्मी विक्री होते, ते छोटं करू नका.

तिसऱ्या गुरुवारबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण अनेक जण तो वगळतात. रूट्स म्हटलं की लोक अमेरिकेकडे बघतात. पण तुमची तावेर्न बार्देशात आहे. मांडो आणि दुल्पद ही इथली कोकणी गाणी, व्हायोलिन आणि घुमट, ही या मातीची मुळं आहेत. घुमटाला आता घोरपडीचं कातडं लावत नाहीत, बकऱ्याचं लावतात, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. त्या मातीच्या घटाचा नाद माईकशिवाय चाळीस माणसांना पुरून उरतो. गावात कुणी फादो, म्हणजे पोर्तुगीज गाणी, गाणारं असेल तर तेही याच संध्याकाळी.

आणि जॅझ इथे परका आहे असंही समजू नका. पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती विद्या घेऊन गोव्याची माणसं मुंबईला गेली आणि 1930-40 च्या दशकांत हॉटेलांतल्या स्विंग (नाचायच्या जॅझच्या) बँडांत बसली. बार्देशातल्याच हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रंपेट वाजवत आणि आपल्या सी. रामचंद्रांचे, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचे, सहायक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, असे किती जण हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत होते. पुढे मडगावच्या संगीतकार ख्रिस पेरींनी गायिका लॉर्नाच्या आवाजात कोकणी गाणी केली, त्यांत ट्रंपेट आणि सॅक्सोफोन कसे बसलेत ते ऐका.

हा इतिहास मी कामासाठी सांगते आहे. त्या पिढीच्या हाताखाली शिकलेली माणसं गावागावांत अजून आहेत, हॉटेलांतून आणि जहाजांवरच्या बँडांतून निवृत्त होऊन आलेली. तुमच्या चर्चच्या कॉयरच्या मेस्तांना, म्हणजे संगीत शिकवणाऱ्यांना, विचारा, 'सॅक्स किंवा व्हायोलिन वाजवणारं कुणी घरी बसलंय का?' मला असे एक काका सापडले, सत्तरी ओलांडलेले. क्लॅरिनेटची पेटी त्यांनी सहा वर्षं उघडली नव्हती. पहिल्या दिवशी रीड ओली करताना त्यांचा हात थरथरत होता. आता तिसऱ्या गुरुवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसतात आणि त्यांच्यामुळे त्यांच्या वाड्यावरची पंधरा माणसं येतात. बाहेरून बँड शोधायच्या आधी गावात शोधा.

चौथा गुरुवार जॅमचा. त्यासाठी तीन जणांचा घरचा संच पैसे देऊन ठेवा. ते अर्धा तास वाजवतील, मग येईल त्याला दोन गाणी. नावं कागदावर लिहून घ्या आणि क्रम कुणाहीसाठी मोडू नका. गिटारवाल्यांना ई आणि ए हे सूर सोयीचे, सॅक्स-ट्रंपेटवाल्यांना बी फ्लॅट आणि एफ. यावरून खटके उडतात, म्हणून घरच्या संचात दोन्हीकडचं जाणणारा एक जण असू द्या. जॅमचा खरा फायदा असा की पुढच्या तीन महिन्यांचे वादक तुम्हाला तिथेच दिसतात.

पैशांचं उत्तर जागेजागेला बदलतं, म्हणून आकड्यांऐवजी रीत सांगते. समजा एरवी तुमच्या गुरुवारचा गल्ला 7,000 आहे. संगीताच्या दिवशी तीस माणसं आली, प्रत्येकाने 600 खर्च केले, गल्ला 18,000. वाढीव विक्री 11,000. त्यात तुमच्या हाती 40 टक्के उरतात असं धरलं तर 4,400. तीन वादकांची नाईट 2,500 प्रमाणे 7,500. म्हणजे नुसत्या बारवर 3,100 कमी पडतात. माणशी 150 रुपये कव्हर, म्हणजे प्रवेशाचे पैसे, ठेवलं तर 4,500 येतात आणि वादकांचे पैसे देऊन 1,400 उरतात, त्यांत वीज, परवाने, पोस्टर. दोनच वादक असतील तर हाच हिशेब बराच सैल होतो. हे आकडे तुमचे घाला, पण वजाबाकी अशीच करा. अख्खा गल्ला संगीतामुळे आला असं धरणारे मालक तिसऱ्या महिन्यात बँडशी घासाघीस करायला लागतात.

नुसती टोपी फिरवून वादकांना पैसे देऊ नका. टोपी वरकड असू दे, ठरलेली नाईट वेगळी. मला एका जागेने एकदा 'आज गर्दी नव्हती' म्हणून निम्मेच पैसे दिले होते. मी आणि त्या संचातला कुणीही पुन्हा तिथे गेलो नाही, आणि ही गोष्ट वादकांत आठवडाभरात फिरते. विसार आधी द्या, बाकीची रक्कम पाकिटात घालून शेवटच्या गाण्यानंतर, ते केबल गुंडाळत असतानाच हातात. सोबत गरम जेवण. वेळ, पैसे, किती सेट, न आल्यास बदली कोण, हे सगळं मेसेजवर लिहून घ्या.

गाण्यांच्या हक्कांचं विसरू नका. दुसऱ्याची गाणी लाइव्ह वाजवायला शब्द-सुरांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएसचा परवाना लागतो, आणि मध्यंतरात रेकॉर्ड लावायच्या तर ध्वनिमुद्रणाचा वेगळा, पीपीएलसारख्यांकडून. आम्ही मध्यंतरात काहीच लावत नाही. लोक बोलतात, तेच छान वाटतं. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी संगीताचे हक्क संपतात. अनेकांनी मिळून केलेली रचना असेल तर शेवटच्या रचनाकारापासून मोजायचं. ब्लूजचे अमेरिकन रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी 1958 मध्ये वारले, त्यांच्या एकट्याच्या रचना 2018 संपताना मोकळ्या झाल्या. जॅझचे ड्यूक एलिंग्टन 1974 मध्ये गेले, त्यांना अजून अवकाश आहे. जुनं म्हणजे फुकट, असं सरसकट नसतं.

स्वयंपाकघर हा माझा शेवटचा मुद्दा, पण तो छोटा नाही. बासचा सोलो चालू असताना आत मिक्सर फिरला की सगळं संपलं. वाटण सातच्या आत करून ठेवा. बर्फ फोडायचा तो गाण्यांच्या मध्ये. आमच्या काउंटरवरचा मुलगा आता ड्रमरकडे बघून बर्फ फोडतो, गाणं संपताना शेवटचा ठोका पडला की त्याची हातोडी. जेवण असं ठेवा की ताट-चमचे फार वाजणार नाहीत. चोरीस पाव (गोव्याच्या सॉसेजचा पाव) आणि रोस आमलेट (रश्श्यातलं आमलेट) याला उत्तम. फ्रिजचा काँप्रेसर घरघरत असेल तर वादकांना त्याच्यापासून लांब बसवा.

जाहिरातीत महिन्याचे चारही कार्यक्रम 1 तारखेला एकदम सांगा. 'लाइव्ह म्युझिक' एवढ्याने कुणाला काही कळत नाही. 'गिटार, माउथऑर्गन आणि गळा, संथ ब्लूज, साडेसात ते पावणेदहा, कव्हर 150' असं लिहा. कुणाला काय ऐकायला मिळणार ते कळलं की चुकीची माणसं येत नाहीत आणि बरोबर माणसं वेळेवर येतात.

तुमची हद्द किती अंतरावर आहे आणि सगळ्यांत जवळची खिडकी कुणाची, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझा अर्धा सल्ला त्यावर बदलू शकतो. म्हणून उद्या सकाळी दोन टाळ्या फोनवर रेकॉर्ड करा, एक खिडक्या उघड्या ठेवून आणि एक बंद करून. मग फाटकाशी उभ्या राहा आणि आतून कुणाला तरी नेहमीच्या आवाजात एक मांडो म्हणायला सांगा. शब्द कळतात का ते ऐका. टाळ्या आणि अंतर इथे टाका, पहिल्या महिन्याला किती वादक बसतील ते मी त्यावरून सांगते.